हाताला लागेल असं

"बटण हाताला लागत नाही गं, बाय."

बाबा एवढंच म्हणाले, आणि तेही तक्रार म्हणून नाही. जुलैचा दुसरा आठवडा होता. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी त्यांना महाडहून पुण्याला आणत होते. माणगाव, निजामपूर, विळे करत ताम्हिणी चढायला लागलो तेव्हा दुपारचे चारच वाजले होते, पण उजेड तिन्हीसांजेचा. पाऊस असा की वायपर काच पुसून परतायच्या आत तिच्यावर पुन्हा पाणी. गाडी भावाची, चार महिन्यांपूर्वी घेतलेली, समोर मधोमध ताटाएवढा स्क्रीन. तीन-चार वळणं वर गेलो आणि काच आतून धुरकटली. पावसात घाट चालवलेल्या प्रत्येकाला ही दोन मिनिटं माहीत असतात. आधी कडांना वाफ धरते, मग ती मध्ये सरकते आणि मग समोर एकदम दूध सांडल्यासारखं होतं. उपाय सोपा आहे, एसी लावायचा आणि हवा काचेवर सोडायची. पण त्या गाडीत हा उपाय स्क्रीनच्या पोटात होता. आधी पंख्याचं चित्र दाबायचं, मग एक पान उघडतं, त्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात वाकड्या काचेचं आणि तीन नागमोडी बाणांचं चित्र. बाजूची काच पुसून माझं बोट ओलं झालं होतं. पहिल्यांदा दाबलं, काही झालं नाही. दुसऱ्यांदा दाबलं, तर सीट गार करायचं पान उघडलं. मान वर केली तेव्हा समोर नुसतं पांढरं होतं आणि त्या पांढऱ्यात दोन लाल दिवे, अगदी जवळ. ब्रेकवरचा पाय थरथरला आणि गाडी टेम्पोच्या मागे हातभर अंतरावर थांबली.

तेवढ्यात बाबांचा हात स्क्रीनवर गेलेला होता. त्यांना मदत करायची होती. डोळ्यांपुढे पडदा, त्यामुळे ते बघत नव्हतेच. दिवे गेल्यावर भिंतीवर बटण शोधतो तसा पंजा त्या काचेवरून डावीकडून उजवीकडे फिरवत होते. एकतीस वर्षं एसटी चालवलेला हात. अंगठ्याच्या बुडाशी अजून घट्टा आहे. तो हात चाचपत राहिला आणि काचेने त्याला काही म्हणजे काही दिलं नाही, ना खाच, ना उंचवटा, ना कड. उलट बोटं फिरतील तिथली पानं उघडत-मिटत गेली. मग त्यांनी खांद्यावरचा पंचा ओढला, वाकून माझ्यासमोरची काच पुसली, आणि ते वाक्य म्हणाले.

मी हेच काम करते.

पुण्यातल्या एका ऑफिसात गेली बारा वर्षं मी गाडीचा मधला भाग आखते: स्क्रीन, त्याच्या आजूबाजूची बटणं, नॉब, चालवणाऱ्याचा हात जिथे जिथे जातो ते सगळं. ती गाडी आमच्या कंपनीची नव्हती, पण तशीच रचना आमच्याही टेबलावरून गेलेली आहे. तीन वर्षांपूर्वीच्या एका बैठकीत बटणं काढून टाकायच्या बाजूने मी स्वतः बोलले होते. "क्लीन दिसतं" हे माझे शब्द होते, आणि ते खरंही होतं. दिवे मंद करून मॉक-अप, म्हणजे खऱ्या मापाचा नमुना, दाखवला की माणसं एक क्षण गप्प व्हायची, इतकी ती काळी काच सुंदर दिसायची. त्या खोलीत पाऊस नव्हता. कुणाचं बोट ओलं नव्हतं. आणि कुणालाही त्या वेळी दुसरीकडे बघायचं नव्हतं.

बाबांच्या गाडीत बघण्यासारखं काही नव्हतंच. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या केबिनशेजारच्या एकट्या सीटवर बसून महाडहून वरंध्याने भोरला गेलेली आहे. समोर एक-दोन काटे, तेही कधी चालू, कधी बंद. बाकी सगळा कारभार हातापायांचा आणि कानांचा. कंडक्टरने दोरी एकदा ओढली की टण्, थांबा. दोनदा ओढली की टण् टण्, निघा. अख्ख्या बसभर गेलेली ती दोरी, आणि पन्नास माणसांच्या गर्दीतून ड्रायव्हरपर्यंत पोचणारे दोनच शब्द. बाबांनी त्यासाठी कधी मान वळवलेली मला आठवत नाही. घाटात बस मागे घ्यायची असली की कंडक्टर खाली उतरून पत्र्यावर थापा मारायचा, "येऊ द्या, येऊ द्या", आणि थापांमधल्या अंतरावरून बाबांना दरी किती उरली ते कळायचं. गिअरच्या दांड्यावरचा गोळा झिजून त्यावरचे आकडे पुसून गेले होते. मी विचारलं होतं, कुठला गिअर कुठे ते कसं कळतं? ते म्हणाले होते, दांडा सांगतो. चढाला इंजिन दमायला लागलं की त्यांचा तळहात आधी दांड्यावर जायचा, मग आवाज बदलायचा. मला ते जादूसारखं वाटायचं. आता वाटतं, तो दांडा रोज त्याच जागी होता, एवढीच ती जादू.

आपल्या भाषेत यासाठी "हात बसणं" असा शब्द आहे. शिवणयंत्रावर हात बसतो, पोळ्यांवर बसतो, पेटीवर बसतो. शिकवून येत नाही, करता करता एक दिवस लक्षात येतं की आता बघावं लागत नाही. घरात किती ठिकाणी आपला हात असा बसलेला असतो ते मी त्या ताम्हिणीनंतर मोजायला लागले. पंख्याचा जुना रेग्युलेटर, पाच टप्प्यांचा, काळा, वाटीएवढा: मध्यरात्री थंडी वाजली की डोळे न उघडता भिंतीशी हात न्यायचा आणि कट् कट् दोन टप्पे मागे. आईचा गॅस: आत दाबून फिरवायचा, आणि शेवटी सिमवर आला की मनगटाला कळतं, ज्योत बघायला वाकावं लागत नाही. आमच्या रेडिओचा आवाजाचा नॉब टक् करून चालू व्हायचा. सकाळी सात-पाचच्या प्रादेशिक बातम्यांआधी तो टक् ऐकूनच मी पांघरूण डोक्यावर ओढायचे. स्क्रीनवर मात्र हात बसत नाही. सवय होते, पण हात बसत नाही, कारण बसायला जागाच नाही. आज जे चित्र खाली आहे ते पुढच्या अपडेटनंतर बाजूला गेलेलं असतं. आणि ते जागेवरच राहिलं तरी त्याला कड नाही, खोली नाही. ते आहे की नाही याची खात्री फक्त डोळ्यांनीच करावी लागते. म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने रस्ता सोडायचा.

किती सोडायचा? दोन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. ताशी ६० किलोमीटरने गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर जाते, बाबांच्या मापात सांगायचं तर तीन एसट्यांएवढा रस्ता न बघता कापला. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने २०१३ मध्ये आमच्या धंद्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत एका नजरेला दोन सेकंद आणि एका अख्ख्या कामाला एकूण बारा सेकंद एवढीच सूट धरलेली आहे. २०२२ मध्ये 'वी बिलेगारे' या स्वीडिश मासिकाने एका बंद धावपट्टीवर ताशी ११० च्या वेगाने गाड्या चालवून, रेडिओ लावणं, सीट तापवणं अशी साधी कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं. चालवणाऱ्यांना गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिला होता. बटणांची २००५ ची व्होल्वो सगळी चार कामं दहा सेकंदांत उरकून ३०६ मीटरमध्ये मोकळी झाली. सगळ्यांत मागे पडलेल्या नव्या कोऱ्या गाडीला जवळजवळ ४५ सेकंद लागले, १३७२ मीटर. हा तक्ता मी तेव्हाच पाहिला होता. ऑफिसात सगळ्यांनी पाहिला होता. पाहणं वेगळं आणि पांढऱ्यात दोन लाल दिवे दिसणं वेगळं.

आमच्याकडे एक चाचणी असते, तिच्यासाठी खास चष्मा असतो. त्याच्या काचा दीड सेकंद पारदर्शक राहतात आणि दीड सेकंद दुधी होतात; दुधी झाल्या म्हणजे माणूस रस्त्याकडे बघतोय असं समजायचं. ऑगस्टच्या सुरुवातीला आम्ही बाहेरची माणसं बोलावून ही चाचणी घेतली. त्यांतल्या एक बाई, पन्नाशीच्या, शाळेत शिकवणाऱ्या, हातात काचेच्या बांगड्या. मी आकड्यांकडे बघायचं सोडून त्यांच्या हाताकडे बघत बसले. स्क्रीनवर काम करताना चष्मा दुधी झाला की त्यांचा हात हवेत थांबायचा. बोट पुढे केलेलं, बांगड्या मनगटावर घसरलेल्या, आणि हात तसाच लोंबकळत, परत दिसायची वाट बघत. मग त्यांना बटणांचा मॉक-अप दिला. पहिल्या खेपेला त्या अडखळल्या. तिसऱ्या खेपेला चष्मा दुधी झाला आणि बांगड्यांची किणकिण चालूच राहिली. न दिसणाऱ्या दीड सेकंदात हात नॉबच्या कडेवरून घसरून खालच्या पट्टीला लागला, तिथून दुसऱ्या कळीवर गेला आणि दाबून मोकळा झाला. ती किणकिण मी घरी घेऊन आले.

हे ज्ञान नवीन नाही, याचंच वाईट वाटतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बॉम्बर विमानं सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसायची. वैमानिकांना दोष दिला जायचा. अल्फोन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटात जाऊन पाहिलं, तर चाकं आत घ्यायचा खटका आणि पंखांचे फ्लॅप फिरवायचा खटका शेजारी शेजारी आणि अगदी सारखे. दमलेला माणूस एकाऐवजी दुसरा ओढायचा. उपाय म्हणून चाकांच्या खटक्याला चाकासारखा रबरी गोल तुकडा लावला आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखा. आजही प्रवासी विमानात चाकांच्या खटक्याची मूठ गोल असते. हाताला आकार कळतो, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सिंगापूरजवळ यूएसएस जॉन एस. मॅकेन ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळून दहा खलाशी गेले, तेव्हा चौकशीत सुकाणूच्या टचस्क्रीनवर झालेला गोंधळ पुढे आला. दोन वर्षांनी अमेरिकेच्या नौदलाने आपल्या जहाजांवर हाताने ढकलायचे खटके परत बसवायचं ठरवलं. दहा माणसं. मला हा आकडा बैठकीत सांगायचा धीर होत नाही, आवाज कापतो.

बटणं गेली त्याचं कारण कुणाचा दुष्टपणा नाही. एक कळ म्हणजे एक साचा. आधी अर्धपारदर्शक प्लास्टिकची कळ ओतायची, मग तिच्यावर काळा रंग, मग लेझरने त्या रंगातून चिन्ह कोरायचं, म्हणजे रात्री मागून दिवा लागला की तेवढंच उजळतं. तिच्यामागे वायर, तिची लाखो वेळा दाबून चाचणी, मेच्या उन्हात बंद गाडीत तापवून चाचणी. स्क्रीन तर मागच्या कॅमेऱ्यासाठी लागणारच असतो. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना तो कॅमेरा सक्तीचाच आहे. मग आहेच स्क्रीन तर सगळं त्यातच टाका, हे गणित कुणीही करेल. शिवाय स्क्रीनवर झालेली चूक रात्रीत दुरुस्त करता येते, साच्यातली चूक दहा वर्षं जगते. ही सोय मी नाकारत नाही. आणखीही एक गोष्ट नाकारत नाही. बटणांवर आयुष्यभर इंग्रजीच कोरलेलं होतं. बाबांना निवृत्तीपर्यंत गाडीने मराठीत एक अक्षर दाखवलं नाही. स्क्रीन ते दाखवू शकतो. भावाच्या गाडीत मी भाषा बदलून दिली आणि नकाशावर "ताम्हिणी" देवनागरीत उमटलं, तेव्हा बाबांनी डोळे बारीक करून ते दोनदा वाचलं. नकाशा, नावं, मागचा कॅमेरा, हे डोळ्यांचंच काम आहे आणि ते स्क्रीनवरच असावं. हाताचं काम हाताकडे राहू द्यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

ऑपरेशन सुरळीत झालं. चौथ्या दिवशी, त्यांच्या डोळ्यांवर अजून तो काळा चष्मा असताना, मी सप्लायरकडून आलेले चार नॉब एका लाकडी फळीवर बसवून घरी आणले. ते खुर्चीत बसले होते, फळी मांडीवर दिली. नॉब फिरवताना हाताला जे टप्पे लागतात त्यांना आम्ही दात म्हणतो. कळ दाबताना आधी विरोध वाढत जातो आणि मग एकदम ढासळतो. ते ढासळणं म्हणजेच आपल्याला जाणवणारा टक्. हे सगळं आमच्याकडे आलेखांवर असतं. बाबांनी आलेख न बघता पहिला नॉब फिरवला आणि म्हणाले, "हा कुठे थांबलाय ते कळत नाही." त्यात दात नव्हतेच, नुसता ग्रीसचा मऊपणा, ऑफिसात सगळ्यांचा लाडका तोच. दुसरा फिरवला, "याचा जीव सुटलाय, हलतोय मुळात." खरंच, त्याच्या दांड्यात केसाएवढी फट होती, आमच्या तपासणीत पास झालेली. तिसऱ्याला एका फेरीत चोवीस दात. तो त्यांनी बराच वेळ फिरवला, पुढे, मागे, पुढे. "याचे मोजता येतात," म्हणाले. मग अंगठा त्याच्या कडेवरून फिरवून विचारलं, "ओल्या हाताने घसरेल का?" मी उठून बोटं भिजवून आणली. घसरत होता. दुसऱ्या दिवशी मी कडेच्या खाचा खोल करून मागितल्या.

चौथा त्यांनी हातात घेतलाच नाही. त्यांना झोप आली होती.

आमच्या नव्या गाडीत आता आवाजाचा नॉब आहे, तपमानाची वर-खाली कळ आहे, पंख्याची आहे, आणि या सगळ्यांपासून थोडी दूर, खालच्या पट्टीवर एकटीच, वर फुगीर कमान असलेली डीफॉगची, म्हणजे काचेवरची वाफ घालवायची कळ आहे. निदान आजच्या आराखड्यात तरी आहे. गाड्यांच्या सुरक्षिततेला गुण देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप या संस्थेने जानेवारी २०२६ पासून इंडिकेटर, हझार्ड, वायपर, हॉर्न आणि तातडीची मदत मागायची कळ स्क्रीनबाहेर, हाताला लागणारी असली तरच पूर्ण गुण, असं ठरवलं, त्याने बैठकीतलं वारं फिरलं. पण त्या यादीत काचेवरची वाफ नाही. त्या यादीत ताम्हिणी नाही. तेव्हा त्या एका कळीचा साचा वाचवायला गेले दोन महिने मला दर आठवड्याला नव्याने बोलावं लागतंय, आणि मी बोलतेय. खर्चाचा आकडा समोर ठेवणारा सहकारी वाईट माणूस नाही. त्याचे वडीलही कुठेतरी गाडी चालवत असतील.

ऑगस्टच्या शेवटी बाबांना परत सोडायला निघाले, त्याच गाडीने, त्याच वाटेने. आदल्या रात्री पार्किंगमध्ये बसून मी गाडीची पुस्तिका वाचली. स्क्रीनच्या खालच्या पट्टीत आपल्याला हवी ती चार चित्रं कायमची ठेवता येतात, हे इतके महिने कुणालाच माहीत नव्हतं. डीफॉग सगळ्यांत डावीकडे ठेवलं. मग स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला लावतात तो रबराचा पारदर्शक ठिपका काढून स्क्रीनच्या खालच्या चौकटीवर, बरोबर त्या चित्राखाली चिकटवला. माझ्या बारा वर्षांच्या कामातला हा सगळ्यांत ओबडधोबड भाग असेल. निघताना बाबांचा हात धरून तिथे नेला. म्हटलं, "ही कड धरून डावीकडे या. हे लागलं का? याच्या वर बोटभर."

मुळशीचं पाणी मागे पडलं, निवे गेलं, उतार लागला आणि पाऊस सुरू झाला. आता त्यांना चांगलं दिसत होतं. झाडं, दगड, धबधब्यापाशी थांबलेल्या गाड्या, सगळ्यांची नावं घेत होते. काचेच्या कडांना वाफ धरायला लागली. मी काही बोलले नाही, हात स्टिअरिंगवर ठेवले. बाबांनी बोट पंच्याला पुसलं. पुढच्या वळणाकडे बघत बघत त्यांचा हात चौकटीच्या कडेला लागला, डावीकडे सरकला, ठिपक्यावर थांबला आणि बोटभर वर गेला. पंखा घोंघावला. काच खालून वर साफ होत गेली, आधी बॉनेट दिसलं, मग रस्त्याची पांढरी रेघ, मग वळणावरचा दगडी कठडा.

"खालचा गिअर घे," बाबा म्हणाले, "इंजिन ओरडतंय."